म्हैस पाण्यात उतरते तशी

बाई म्हणाल्या, लग्नाची कॅसेट आहे, पेनड्राइव्हवर घालून द्या,
लेक असते कॅनडाला, तिला आजोबांचा आवाज ऐकायचाय.
मी पावती फाडली. करुणा आवळे. ऐंशी रुपये बाजू.

ए बाजूला बँड, पाळकांची लांबलचक प्रार्थना,
मठ्ठा संपला म्हणून कुणीतरी ओरडतंय.
बी बाजू कोरी असणार
म्हणून मी हेडफोन उतरवत होतो,
तेवढ्यात खुर्ची सरकली.
एक माणूस खोकरला.
मग खालून, फार खालून,
एक सूर आला.

मिरजकर तिकटीला बत्तीस वर्षं हे दुकान.
भजनी मंडळं, बारशी, कुस्त्यांची कॉमेंट्री,
मेलेल्या माणसांचे फोनवरचे निरोप,
सगळं ह्याच मशीनमधून गेलंय.
हा आवाज पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता.
रात्री वडील एकटेच अंगणात बोलत असतात
आणि आपण झोपेचं सोंग घेऊन पडलेलो असतो,
तसा.
मागं चर्चची पायपेटी,
तिचा भाता दमेकऱ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी बाईंना ऐकवलं.
"हे होय? पप्पांचं मोठं फिडल," म्हणाल्या,
जसं कुणाच्या तंबाखूबद्दल बोलावं.
शमुवेल दत्तोबा आवळे. आधी स्टुडिओत वाजवायचे,
नायिका रडायची, तिच्या मागं हे.
पडद्यावर नाव कधी आलं नाही.
स्टुडिओ बसला, मग गिरणीत टाइमकीपर.
सायकलच्या कॅरिअरला ते धूड बांधून
रविवारी शाहूपुरीच्या चर्चकडं जाताना
पोरं मागं लागायची: ओ, मढं कुठं निघालं?

ट्रंकेत कागद निघाले. गिरणीच्या हजेरीपत्रकांचे गठ्ठे.
पुढच्या बाजूला हजर, हजर, गैरहजर, हजर.
मागच्या बाजूला पट्टीनं आखलेल्या पाच पाच रेघा
आणि त्यांवर मुंग्या.
वर लिहिलेलं: सोनाटा. चेलो आणि पेटीसाठी.
मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही,
पण मध्ये मध्ये मराठी होतं, शिसपेन्सिलीनं:
*तालमीतली माती, पाऊल रुतेल इतकी मऊ.*
*घाई नको, मर्दा.*
आणि अगदी पहिल्या सुराच्या डोक्यावर:
*म्हैस पाण्यात उतरते तशी सुरुवात.*

संध्याकाळी स्कूटर काढून रंकाळ्याला गेलो.
साठीचा माणूस, म्हशी बघायला.
ती पुढचे दोन पाय घालते, थांबते.
पाण्याचा वास घेते. तिला काहीतरी आठवतं.
मागचं अंग अजून काठावरच, संसारात.
मग कुणी न हाकता
ती सगळं वजन एकदम सोडून देते
आणि पाणी हूं की चूं न करता
तिला घेतं.
परत येऊन कॅसेट लावली.
हेच होतं. अगदी हेच.

तिसऱ्या भागात एकच सूर, लांब, वाकत वर जाणारा.
बाई चमकल्या. अहो, हा सातचा भोंगा!
गिरणी बंद पडून किती वर्षं झाली,
चिमणीवर पिंपळ उगवलाय,
आणि ह्या तपकिरी फितीत
अजून पाळी सुरू होतीय.

पुढं आतल्या खोलीतून बायको हाक मारते: जेवायला चला.
कमान थांबत नाही. आणखी थोडं, आणखी थोडं,
आणि खट्.
फीत संपली.

कागदांत त्यापुढं अकरा पानं आहेत.
वाजवणारं कोल्हापुरात मला कुणी सापडलेलं नाही.
पुण्याला एकाला फोन केलाय, बघतो म्हणाला.

ए बाजू मी तीनदा ऐकली.
आजोबा तिथं एकदाही बोलत नाहीत.
बिल एका बाजूचंच केलं.

काल दुपारी शटर अर्धं ओढून पुन्हा लावली होती.
चहावाला पोरगा वाकून आत आला,
ग्लास हातात तसाच धरून उभा राहिला.
कोण गेलं व्हय, काका?
कोन न्हाई रं, म्हटलं.
म्हस पाण्यात उतरतीया.